वेगळेपण आणि उतरंड

लहान मुलांना समता शिकवायची म्हणजे 'आपण सारे सारखे' हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. पहिलीतल्या मुलालाही डोळे असतात. शेजारच्याचा रंग, बोली, आडनाव, डब्यातली भाजी आपल्यापेक्षा वेगळी आहे, हे त्याला दिसतेच. शिक्षकाने हे वेगळेपण नाकारले, की त्याचा अर्थ लावण्याचे काम गावाकडे जाते. आणि गावाजवळ उच्चनीचतेचा अर्थ तयारच असतो. म्हणून वेगळेपण आणि विषमता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मुलाला शिकवणे हा खरा प्रश्न आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. आईबापाचे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात गेले. माझ्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना 'बी.सी.ची पोरं उभी राहा' असा पुकारा होई. शिष्यवृत्ती हा आमचा हक्क होता. पण उभे करण्याच्या त्या रीतीने तिची भीक झाली. उभे राहिलेल्यांना त्यातून न्यूनगंड मिळाला आणि बसून राहिलेल्यांना खोटा अहंकार. दोघांचेही नुकसानच झाले.

मूल उपदेशापेक्षा व्यवस्थेतून शिकते. सातारच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. तिथे अस्पृश्यतेचा धडा बसायची जागा आणि पाण्याचे भांडे देत होते. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या सुमारास लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली. स्वतःचा तिरस्कार मूल जन्मतः घेऊन येत नाही, तो त्याला शिकवला जातो.

आपल्या जिल्ह्यात हा तिरस्कार पुष्कळदा भाषेच्या वाटेने येतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडावरचे मूल पाण्याला 'ईर' म्हणते. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरचे मूल आईला 'याडी' म्हणते. आमच्या वस्तीतले मूल 'मले पायजे' म्हणते. वर्गात हे सारे 'अशुद्ध' ठरते. वास्तविक कोलामी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा तिच्यावरील ग्रंथ 1955 मध्येच प्रसिद्ध झाला. मुलाच्या बोलीला अशुद्ध म्हणणे म्हणजे त्याच्या आईला अशुद्ध म्हणणे होय. शक्य तोवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे आणि मुलाला भय व आघातापासून मुक्त ठेवावे, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते. कायदा आहे, तो वर्गात उतरवायचा आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. फळ्यावर 'पाणी' लिहिताना शेजारी 'ईर'ही लिहावे आणि तो शब्द साऱ्या वर्गाने म्हणावा. पोषण आहाराच्या पंगतीत व बाकांवर जागा रोज बदलाव्यात. पाणी भरण्याची आणि झाडण्याची पाळी सर्वांवर यावी, मुलींवर किंवा एकाच वस्तीवर नव्हे. शिष्यवृत्तीचे काम पालकांशी स्वतंत्रपणे करावे. 'तुमच्या घरी कोण काय काम करते?' असे विचारून प्रत्येक कामातले कौशल्य वर्गापुढे मांडावे. मात्र जातीने लादलेल्या कामाचे गोडवे गाऊ नयेत. वेगळेपणाचा आदर करायचा, लादलेल्या हीनतेचा नव्हे. हा विवेक शिक्षकाजवळ हवाच.

सवर्ण मुलालाही हे शिक्षण तितकेच आवश्यक आहे. आपली भाषा, आपले अन्न हेच माप आणि बाकीचे त्याहून कमी, ही कल्पना त्याच्याही मनातून गेली पाहिजे.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेने तिला आपले मूळ लपवायला शिकवले नाही. त्याविषयी धर्माला जाब विचारण्याचे बळ दिले. आपल्या गावातली शाळा पहिलीतल्या मुलाला यातले काय देते, हे शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी वर्गात जाऊन पाहावे. बाके, पाण्याचा माठ आणि फळा पाहिला की उत्तर मिळेल.