पोच्ड एग, सगळ्यांसाठी एकदम

आमच्या घरी कुणाचाही वाढदिवस असो, सकाळची न्याहारी ठरलेली: पोच्ड एग ऑन टोस्ट. नुसत्या गरम पाण्यात, कवचाशिवाय शिजलेलं अंडं. सुरी टेकवली की बलक टोस्टवर ओघळतो आणि लोण्यात मिसळतो. हे हॉटेलातच खायचं, घरी जमत नाही, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. अंडं ताजं असलं की निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं.

अंड्यातलं पांढरं दोन तऱ्हेचं असतं. एक बलकाला बिलगून राहणारं दाट, दुसरं कडेला पसरणारं पातळ. कोंबडीनं अंडं घातल्यापासून कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो, पांढरं अधिकाधिक अल्कधर्मी होतं आणि दाट भाग सैल पडतो. असं अंडं पाण्यात सोडलं की त्याच्या चिंध्या होतात. म्हणून मी दुकानदाराला माल कधी उतरतो ते विचारून त्याच दिवशी अंडी आणते. घरी आल्यावर भांडंभर पाण्यात सोडून बघायचं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर सरळ टाकून द्यावं. उभी राहिलेली अंडी रश्शासाठी उकडायला उत्तम. त्याच अल्कधर्मीपणामुळे ती सोलायलाही सोपी जातात.

तरी ताज्या अंड्यातही थोडं पातळ पांढरं असतंच. त्यावर अन्नविज्ञानाचे लेखक हॅरल्ड मगी यांनी सांगितलेला उपाय मला फार आवडतो: ते आधीच निथळून टाकायचं. ते भोकांचा चमचा वापरायला सांगतात, मी बारीक जाळीचं गाळणं घेते. अंडं त्यात फोडून हलकेच हिंदकळवलं की पाण्यासारखा भाग खालच्या वाटीत उतरतो. गाळण्यात उरतो तो मधोमध पिवळा बलक आणि त्याला सगळीकडून धरून बसलेलं, काचेसारखं चकाकणारं दाट पांढरं. ते कसं थरथरतं, पण पसरत नाही, हे मी दर वेळी थांबून बघते. पाण्यात भोवरा करायची मग गरजच उरत नाही.

पांढरं साधारण 62 अंश सेल्सिअसला धरू लागतं, बलक 65 च्या पुढे दाट होतो आणि 70 च्या आसपास घट्ट बसतो. उष्णता बाहेरून आत जाते, तेव्हा बलकाची पाळी यायच्या आत अंडं बाहेर काढायचं, एवढाच सगळा खेळ. पसरट पातेल्यात पाणी 80 ते 85 अंशांवर हवं, म्हणजे वाफ येतेय, तळाशी बारीक बुडबुडे आहेत, पण खळखळ नाही. लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर व्हिनेगर घालावं. आम्लामुळे पांढरं लवकर धरतं. गाळणं पाण्याच्या अगदी जवळ नेऊन अंडं अलगद सोडायचं. तीन ते चार मिनिटं पुरतात.

पण वाढदिवसाला घरात पाच-सहा माणसं. एकेक अंडं करत राहिलं तर करणारी गॅसपाशीच उभी, आणि हे मला मुळीच मान्य नाही. मी हॉटेलवाल्यांची रीत उचलली आहे. अंडी आदल्या रात्रीच करायची, तीही तीन मिनिटांत काढून थेट बर्फाच्या पाण्यात सोडायची. गार झाली की पाण्यासकट झाकून फ्रिजमध्ये. सकाळी गरम पाण्यात, गॅस बंद करून, मिनिटभर ठेवली की पुरे. बलक तसाच पातळ राहतो.

सासूबाईंचं अंडं मात्र मी सकाळीच वेगळं करते, बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत. कच्च्या बलकातून साल्मोनेला जिवाणू पोटात जाण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसांनी, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी तो पत्करू नये.

ब्रेड बेकरीतून न कापलेला आणावा आणि घरी बोटभर जाड कापावा, पातळ स्लाइस बलकानं लगेच भिजून बसते. तव्यावर लोणी घालून दोन्ही बाजू खरपूस भाजायच्या. अंडं झाऱ्यानं उचलून फडक्यावर क्षणभर टेकवायचं, नाहीतर टोस्टवर पाणी उतरतं. वर मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी. लेकीला त्यावर हिरवी मिरची बारीक चिरून लागते, तीही छान लागते.