आधी खोलीत, मग रानात

शेतावर औषध फवारणारा ड्रोन आता पुष्कळ गावांनी पाहिला आहे. भुंग्यासारखा आवाज करीत तो पिकावरून जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना मंजूर केली. बायकांच्या १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचे, असे तीत ठरले. मग गावोगाव लोक विचारू लागले, “आम्हांला हे जमेल का हो?”

जमेल. का नाही जमणार? पण पोहायला शिकणारा माणूस पहिल्याच दिवशी पुराच्या पाण्यात उडी घेत नाही. पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरतो. ड्रोनचेही तसेच आहे. आधी लहान ड्रोन घ्यावा आणि तो बंद खोलीत शिकावा.

खोलीतच का? खोलीत वारा नसतो. लहान ड्रोन पाव किलोपेक्षाही हलका असतो. बाहेर झुळूक आली, की तो भरकटतो आणि कोणाच्या तरी अंगावर पडतो.

शाळेची रिकामी खोली किंवा समाजमंदिर यासाठी चांगले. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. छताचा पंखा बंद करावा. दिवा, समई पेटती ठेवू नये. मुलांना बाहेर पाठवावे. केस बांधावेत, पदर घट्ट खोचावा.

ड्रोनला चार पंखे असतात. दोन एका दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने. चारही एकाच दिशेने फिरले, तर ड्रोन भोवऱ्यासारखा गरगरेल. पंख्याची पाती लहान दिसतात, पण फार वेगाने फिरतात. बोट कापते. डोळ्याला लागले, तर डोळाही जाऊ शकतो. म्हणून पात्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे बसवावे. उडता ड्रोन हाताने पकडू नये. तोंडाजवळ तर कधीच आणू नये.

आता शिकायचे कसे, ते पाहू. जमिनीवर खडूने एक मोठा चौकोन काढा. ड्रोन त्यात ठेवा. त्याची शेपटी आपल्याकडे आणि तोंड पलीकडे असावे. आधी रिमोट चालू करा, मग ड्रोन. चार पावले मागे या.

रिमोटला दोन दांड्या असतात. बहुतेक रिमोटमध्ये डाव्या दांडीने ड्रोन वर-खाली होतो आणि जागच्या जागी वळतो. उजव्या दांडीने तो पुढे-मागे आणि बाजूला सरकतो. दांडी हळू हलवावी. झटका देऊ नये.

ड्रोन कमरेइतका वर न्या. जमिनीला लागून ठेवू नका. पंख्यांचा वारा जमिनीवर आपटून परत वर येतो, म्हणून तिथे ड्रोन घसरतो. भिंत आणि छत यांपासूनही तो लांब ठेवा. अर्धा मिनिट एका जागी धरा आणि चौकोनात उतरवा. पहिले काही दिवस एवढेच करायचे. हे कंटाळवाणे वाटेल, पण हात यातच बसतो.

मग ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळवा. इथे भले भले चुकतात. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो ना? तसेच इथे होते. दांडी उजवीकडे ढकलली, की ड्रोन आपल्या डावीकडे जातो. घाबरलेला माणूस दांडी आणखी उलट ढकलतो आणि ड्रोन भिंतीवर जातो.

ड्रोन आवरत नाही असे वाटले, तर डावी दांडी पूर्ण खाली ओढा किंवा बंद करण्याचे बटण दाबा. पडला तर पडू द्या. मोडलेले पाते नवे मिळते. डोळा नवा मिळत नाही.

बॅटरीही जपावी. ती उघड्या फरशीवर चार्ज करावी, अंथरुणावर नको. रात्री लावून झोपू नये. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पेट घेते. ती पुन्हा वापरू नये. शिकून झाले, की आधी ड्रोन बंद करावा, मग रिमोट.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन चालवायला २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीच्या मोठ्या ड्रोनला मात्र ते लागते. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे, दहावी पास हवे आणि सरकारमान्य संस्थेत शिक्षण घ्यावे लागते. त्या ड्रोनवर साधारण १० लिटर औषध असते. त्याची पाती हातभर लांब असतात. तिथे चूक झाली, तर ती फार महाग पडते. म्हणून चुका व्हायच्या त्या खोलीतच होऊ द्याव्यात. सलग दहा वेळा ड्रोन चौकोनात नीट उतरला, की मग खुशाल बाहेर पडावे. तेही सकाळी, वारा पडलेला असताना, आणि माणसांपासून दूर.