शिकाऊंची शिकवणी

फुकट मिळते ते कमअस्सल असायचेच, असे आपण सहज म्हणून जातो. पवईच्या आय. आय. टी.त चाललेले ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे दोन उपक्रम पाहिले, की हे मत बदलावे लागते. २००९ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक योजनेतून ते उभे राहिले.

‘फॉसी’कडे देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी उमेदवारी करतात. अभियांत्रिकीचे एखादे मान्यवर पुस्तक निवडावे आणि त्यातील सोडवलेली उदाहरणे ‘सायलॅब’ या मोफत संगणकप्रणालीत पुन्हा सोडवून दाखवावीत, असे त्यांतले एक काम. उत्तर पुस्तकाशी जुळले पाहिजे. तपासनीस चुका दाखवून काम परत धाडतो. विद्यार्थी पुन्हा बसतो. पसंत पडले की मानधन मिळते आणि ते काम इंटरनेटवर सर्वांना खुले होते.

‘स्पोकन ट्युटोरियल’चा पाठ सुमारे १० मिनिटांचा. ध्वनिमुद्रणापूर्वी त्याची संहिता एखाद्या नवख्याच्या हाती देतात. तो अडला, तर दोष संहितेचा! मग तोच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून बोलू लागतो.

आम्ही प्राध्यापक मुलांना दर वर्षी प्रकल्प लिहावयास लावतो. परीक्षक तो चाळतो, गुण देतो आणि प्रकल्प कपाटात धूळ खातो. पवईच्या उमेदवाराला मात्र ठाऊक असते, की दूर कुठेतरी एक अनोळखी विद्यार्थी, शिक्षकावाचून, आपल्या कामावर विसंबून बसला आहे. हात चोख चालायला एवढी जाणीव पुरते.