मेनूकार्ड नसलेले जेवण

हॉटेलात जाऊन बसले की आधी मेनूकार्ड हाती येते. मग मुलांना नूडल्स हवे असतात, आजोबांना दहीभात, आणि आईची नजर पदार्थांच्या नावांवर कमी व उजव्या बाजूच्या आकड्यांवर अधिक असते. पण जगात अशीही काही उपाहारगृहे आहेत जिथे गिऱ्हाइकाला काहीच निवडायचे नसते. काय खायचे, कोणत्या क्रमाने खायचे, हाताने की चमच्याने, हे सारे आचारी ठरवतो. एकेका घासाचे पंधरा, वीस, कधी तीसहून अधिक पदार्थ एकामागून एक समोर येतात आणि तीन-चार तासांनी बिल येते. या पद्धतीला ‘टेस्टिंग मेनू’ म्हणतात.

तसे पाहिले तर आपल्या पंगतीतही निवड कुठे असते? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधे वरणभाताची मूद, हे सारे आधीच ठरलेले. फरक इतकाच, की पंगतीत वाढणारा आग्रह करतो. इथे एखादा पदार्थ कितीही आवडला तरी ‘आणखी एक वाढा’ म्हणायची सोय नाही.

तरीही या जेवणासाठी जगभरातून माणसे येतात. असे काय असते त्यात? आणि एवढे पैसे जातात तरी कुठे? याचे उत्तर शोधायचे तर स्पेनमधल्या ‘एल बुयी’ या उपाहारगृहाची कहाणी पाहायला हवी.

ईशान्य स्पेनच्या किनाऱ्यावर रोसेस नावाचे गाव आहे. तिथून डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने गेले की काला मोंजोय नावाची एक लहानशी खाडी लागते. हान्स शिलिंग हे जर्मन डॉक्टर आणि त्यांची पत्नी मार्केटा यांनी १९६१ मध्ये इथे मिनी गोल्फचा परवाना काढला. मग समुद्रावर आलेल्यांसाठी खाण्यापिण्याचे छोटे दुकान निघाले आणि १९६४ मध्ये उपाहारगृह. घरात बुलडॉग जातीची कुत्री होती, त्यांच्यावरूनच ‘बुयी’ हे नाव पडले.

१९८४ मध्ये इथल्या स्वयंपाकघरात फेरान आद्रिया हा बावीस वर्षांचा तरुण कामाला लागला. त्याने कोणत्याही पाकशाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. सुट्टीत मौज करायला पैसे हवेत म्हणून एका हॉटेलात त्याने बशा धुतल्या होत्या, तीच त्याची सुरुवात. १९८७ पासून स्वयंपाकघराची सूत्रे त्याच्याकडे आली आणि १९९७ मध्ये ‘मिशेलिन’ या फ्रेंच मार्गदर्शिकेने एल बुयीला तीन तारे दिले. यापेक्षा वरचा दर्जा त्या मार्गदर्शिकेत नाही.

आद्रियाने केले ते असे, की ओळखीची चव अनोळखी रूपात समोर ठेवली. त्याचे ऑलिव्हच घ्या. दिसायला ते साधे हिरवे फळ, काचेच्या बरणीत तेलात बुडवलेले. वाढपी चमच्याने एकच काढून देतो. तोंडात घातले की पातळ पापुद्रा फुटतो आणि आतला रस जिभेवर पसरतो. फळ नव्हतेच ते! ऑलिव्हचा गर वाटून, गाळून घेतलेल्या रसात कॅल्शियमचे क्षार मिसळायचे आणि तो रस चमच्याने अल्जिनेटच्या पाण्यात सोडायचा. दोन्ही एकत्र आले की थेंबाभोवती जेलीसारखी त्वचा धरते. अल्जिनेट समुद्रशेवाळातून मिळते. कवळी बसवताना दंतवैद्य दातांचा ठसा घेतात तो याच पदार्थात. म्हणजे यात जादू नाही, शाळेतल्या रसायनशास्त्राइतकीच करामत आहे. मात्र ती कुठे वापरायची हे सुचायला आद्रियाच हवा.

वर्षातले सुमारे सहा महिने उपाहारगृह बंद असे. त्या काळात मंडळी बार्सिलोनातल्या कार्यशाळेत नवे पदार्थ शोधत. उरलेल्या सहा महिन्यांत रोज पन्नासच माणसे जेवत, म्हणजे हंगामाला आठ हजारांच्या आसपास. जागेसाठी येणाऱ्या विनंत्या मात्र वीस लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाई.

बिल २५० युरोंचे, तरी तोटा

अखेरच्या वर्षांत माणशी साधारण २५० युरो पडत. २०११ च्या दराने हे सुमारे सोळा हजार रुपये होतात. कुणालाही वाटेल की मालकांनी खोऱ्याने पैसा ओढला असेल. वस्तुस्थिती उलट होती. एल बुयी आणि कार्यशाळा मिळून तोट्यातच चालत. आद्रियाची व्याख्याने, पुस्तके आणि कंपन्यांना दिलेले सल्ले यांतून ती खोट भरून निघे. दर वाढवले असते तर गिऱ्हाइके कमी झाली नसती, पण तसे करायचे नाही असे त्याने ठरवले होते.

तोटा का होई? पन्नास पाहुण्यांसाठी त्यांच्याहून अधिक माणसे राबत होती. आणि इथेच या झगमगाटाची दुसरी बाजू दिसते. स्वयंपाकघरातले बहुसंख्य हात बिनपगारी होते. देशोदेशीचे तीसहून अधिक तरुण आचारी दर हंगामात शिकाऊ म्हणून येत. राहायला जागा आणि जेवण मिळे, पगार नाही. तरीही अर्ज हजारोंनी येत. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत एकच काम पुन्हापुन्हा करायचे. एका पदार्थात गुलाबाच्या पाकळ्या उकळत्या पाण्यातून अनेकदा काढून, त्या हाताने एकावर एक रचून आर्टिचोक या भाजीचा आकार द्यायचा असे. रोज पन्नास पाने!

अनुभव मोलाचा होता हे कुणी नाकारत नाही. एल बुयीत काम केले, एवढे एक वाक्य पुढच्या नोकरीला पुरे होई. पण सहा महिने पगाराविना काढणे कुणाला परवडते? ज्याच्या पाठीशी घरचा पैसा आहे त्याला. ज्याला दरमहा आईवडिलांना पैसे पाठवायचे आहेत त्याची गुणवत्ता कितीही असो, तो दारातच अडला. ही गोष्ट चवीच्या चर्चेत सहज विसरली जाते, ती विसरू नये.

एल बुयीचे शेवटचे जेवण ३० जुलै २०११ रोजी झाले. प्रश्न मात्र तिथे संपला नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधल्या ‘नोमा’ या तितक्याच नावाजलेल्या उपाहारगृहाने शिकाऊंना पगार देणे २०२२ मध्ये सुरू केले. पुढच्याच जानेवारीत त्याचे प्रमुख रेने रेडझेपी यांनी जाहीर केले, की या प्रकारचे उपाहारगृह पैशाच्या आणि माणसांच्या दृष्टीने फार काळ चालवता येणार नाही.

दह्याचा थेंब आणि महालक्ष्मीची गिरणी

एल बुयीची विद्या आपल्याकडच्या माणसापर्यंतही पोहोचली. कोलकात्यात जन्मलेले गगन आनंद तिथे काही काळ शिकले आणि २०१० च्या डिसेंबरात त्यांनी बँकॉकमध्ये स्वतःचे उपाहारगृह काढले. तिथे ऑलिव्हच्या जागी दही आले. चमच्यातला पांढरा गोळा तोंडात फुटतो आणि मसालेदार दह्याची चव येते. पुढे त्यांच्या मेनूवर शब्दच उरले नाहीत, फक्त चित्रचिन्हे. बरेचसे पदार्थ हाताने खायचे. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे आशियातील सर्वोत्तम पन्नास उपाहारगृहांच्या यादीत त्यांचा पहिला क्रमांक होता. कित्येक वर्षे भारतीय जेवण म्हणजे स्वस्त ‘करी’ असे समजणाऱ्यांना हे चांगलेच उत्तर मिळाले.

मुंबईत महालक्ष्मीच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये ‘मास्क’ सुरू झाले, तेही केवळ टेस्टिंग मेनू देणारे. तेव्हा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा मुलाची पहिली नोकरी अशा निमित्ताने एखाद्या कुटुंबाला अशा ठिकाणी जावेसे वाटले तर परदेश गाठायला नको.

जाण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. शाकाहारी असाल, कांदा-लसूण वर्ज्य असेल किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर जागा राखतानाच सांगावे. टेबलावर बसल्यावर सांगितले तर आचाऱ्याचा नाइलाज होतो. आगाऊ पैसे घेतात का, आयत्या वेळी जाता आले नाही तर किती परत मिळतात, हेही विचारावे. प्रत्येक पदार्थासोबत पेय हवे असेल तर त्याचा आकार वेगळा असतो आणि तो कधी जेवणाच्या निम्म्याच्याही वर जातो. ते न घेता साधे पाणी मागण्यात काहीही कमीपणा नाही. कर वेगळा. बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. म्हणून बिलाचा कागद नीट वाचावा.

लहान मुलांना शक्यतो नेऊ नये. चार तास एका जागी बसणे त्यांना जमत नाही आणि सगळ्यांचीच संध्याकाळ वाया जाते.

राहता राहिला प्रत्येकाच्या मनातला प्रश्न: पोट भरते का, की घरी येऊन भात लावावा लागतो? भरते. घास लहान असले तरी ते वीस-पंचवीस होतात आणि मधल्या वेळेत भूकही मंदावते. दुपारचे जेवण मात्र हलके ठेवावे.