दुष्काळाचं काम सुकाळात

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये पडलेल्या दुष्काळाबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा प्रांतातही माणसं पाण्यावाचून आणि अन्नावाचून गाव सोडत होती. मुख्य कारण एकच होतं. पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं, एल निनो कमालीचा तीव्र झाला आणि त्याने आपला पाऊस हिरावला तसाच त्यांचाही. तिकडे १८७७ ते ७९ या तीन वर्षांत पाच लाखांपर्यंत माणसं दगावली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

मी महसूल खात्यात नोकरी केली, बरीचशी मराठवाड्यात, आणि त्यातली कितीतरी वर्षं टंचाईचं टेबल माझ्याकडे होतं. या टेबलावर मार्च उजाडला की फोन थांबत नाही. कुठला उद्भव आटला, कुठली विहीर अधिग्रहित करायची, कोणत्या गावाला किती खेपा, टँकर खरंच पोचला का, खेपेच्या नोंदवहीत गावातल्या बायकांच्या सह्या आहेत का. शिवेला शीव लागलेली दोन गावं मला आठवतात. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरची, पाणीपातळी सारखीच. एका गावात टँकर सुरू झाला. दुसऱ्याचा प्रस्ताव वरच्या एका कार्यालयात तीन आठवडे पडून राहिला, कारण त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं. त्या तीन आठवड्यांत तिथल्या पोरींची शाळा बुडाली. टँकर कधी, हे आधी ठरलेल्या आकड्यावर ठरावं, माणसाच्या वजनावर नाही, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे. म्हणूनच निवृत्तीनंतर ब्राझीलची हकीगत हाती लागली, तेव्हा मी ती खोलात जाऊन वाचली.

ब्राझीलने शंभर वर्षं आपल्यासारखंच केलं. १९०९ साली दुष्काळासाठी स्वतंत्र सरकारी खातं काढलं आणि धरणांमागून धरणं बांधली. पाणी मात्र बऱ्याचदा मोठ्या जमीनदारांच्या कुंपणात अडलं. दुष्काळाच्या पैशावर काही लोकांचा धंदा उभा राहिला आहे, असं पत्रकार अंतोनियो कालादो यांनी १९५९ मध्येच उघड लिहिलं होतं. टँकर तिकडेही आहेत, आणि त्यांच्या खेपा लष्कराच्या देखरेखीखाली चालतात.

बदलाची एक सुरुवात घराच्या छपरापासून झाली. २००३ पासून स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याने त्या कोरड्या पट्ट्यात घराघराजवळ टाक्या बांधायला घेतल्या. सिमेंटच्या वाकवलेल्या पाट्या गोलाकार उभ्या करायच्या, तारेने आवळायच्या, आतून-बाहेरून गिलावा आणि पांढरा चुना, वर शंकूसारखं झाकण. छपराचं पाणी पन्हाळीतून टाकीत येतं, पण पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येतं म्हणून ते सोडून द्यायचं. टाकीत १६ हजार लिटर मावतं. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यापुरतं ते सुमारे आठ महिने पुरतं. गवंडी गावातलेच, शिकवून तयार केलेले. अशा दहा लाखांहून जास्त टाक्या आज उभ्या आहेत. सकाळी पाण्यासाठी जाणारे बाईचे तास त्यामुळे वाचले, आणि टँकरवाल्यापुढे हात जोडणंही कमी झालं. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

तरी २०१२ मध्ये जो दुष्काळ सुरू झाला, तो पाच-सहा वर्षं हटला नाही. सिआरातलं कास्तान्याव हे प्रचंड धरण जवळजवळ तळाला गेलं. मार्च २०१३ मध्ये जिनिव्हात दुष्काळ-धोरणावर जगातल्या देशांची बैठक भरली, तेव्हा ब्राझीलची माणसं ऐन दुष्काळातून तिथे गेली होती. दुष्काळ पडल्यावर धावायचं आणि पाऊस आला की विसरायचं हे चक्र तोडा, प्रत्येक देशाने आधीच धोरण आखावं, असा त्या बैठकीचा आग्रह होता. जागतिक हवामान संघटना आणि ग्लोबल वॉटर पार्टनरशिप यांनी त्याच सुमारास एकात्मिक दुष्काळ व्यवस्थापनाचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला.

या विचारामागे अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे डोनाल्ड विल्हाइट यांचं आयुष्यभराचं काम आहे. लिंकन या शहरात त्यांनी १९९५ मध्ये दुष्काळ निवारण केंद्र काढलं. १९९९ पासून अमेरिकेचा दुष्काळाचा नकाशा दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. फिकट पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत पाच पायऱ्या. २००८ च्या शेती कायद्याने त्याला मदत जोडली. एखादा जिल्हा सलग काही ठरावीक आठवडे तिसऱ्या पायरीवर राहिला, किंवा चौथीवर चढला, की तिथल्या पशुपालकाला चाऱ्याच्या नुकसानीची मदत मागता येते. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. टंचाईच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यातलं सुख लगेच कळेल.

ब्राझीलने ही विद्या मागितली. जागतिक बँकेने पैसा आणि जुळवाजुळव केली, नेब्रास्काच्या लोकांनी शिकवलं, मेक्सिको आणि स्पेनचे तज्ज्ञही आले. २०१४ मध्ये ईशान्येच्या नऊ राज्यांचा दुष्काळ-नकाशा निघू लागला. तो कसा तयार होतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. सिआरा, बाहिया आणि पर्नांबुको ही तीन राज्यं पाळीपाळीने दर महिन्याचा कच्चा नकाशा काढू लागली. पावसाची तूट, बाष्पीभवन, उपग्रहाला दिसणारी हिरवळ, तलावांतलं पाणी हे सगळं एकमेकांवर ठेवून सीमारेषा आखतात. मग तो प्रत्येक राज्यातल्या पडताळणी करणाऱ्यांकडे जातो. तिथला माणूस सांगतो, उपग्रहाला हिरवं दिसतं ते काटेरी झुडूप आहे, मका कणीस धरण्याआधीच वाळला. रेषा आणखी पूर्वेला सरकवा. रेषा सरकते किंवा का सरकत नाही याचं उत्तर मिळतं. एकमत झालं की नकाशा छापला जातो. शेजारच्या राज्याचा अधिकारी समोर असताना आपला दुष्काळ फुगवून दाखवता येत नाही, आणि निवडणूक आहे म्हणून झाकताही येत नाही. आता हा नकाशा सगळ्या ब्राझीलचा निघतो.

नकाशाच्या जोडीला त्यांनी नमुन्यादाखल काही आराखडे लिहिले. त्यात फोर्तालेझासारखं महानगर होतं, क्रुझेता नावाचा एक तलाव होता आणि पिकेत कार्नेइरो हा कोरडवाहू शेतीचा छोटासा भागही होता. कोणत्या पायरीला कोण काय करणार, हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. स्पेनमध्ये तर २००१ च्या कायद्याने वीस हजारांहून अधिक लोकांना पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेला दुष्काळाचा आराखडा सक्तीचा आहे.

मोठ्या परिषदांमध्ये मात्र गाडी अडते. डिसेंबर २०२४ मध्ये रियाध इथे संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराची सोळावी परिषद झाली. गरीब देशांच्या तयारीसाठी बारा अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं जाहीर झाली, पण आफ्रिकी देशांना हवा असलेला बंधनकारक दुष्काळ-करार झाला नाही. विषय मंगोलियातल्या पुढच्या परिषदेवर गेला. मला याचं वाईट वाटतं. पण ब्राझील करारासाठी थांबला नाही, हेही दिसतं.

आपल्याकडे पूर्वी सगळा भार पैसेवारीवर, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजावर होता. अंतिम पैसेवारी हाती येईपर्यंत खरीप केव्हाच करपलेला असायचा. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने हे बदललं. पावसाची तूट आणि खंड हा पहिला निकष, मग पेरणी, ओलावा, भूजल, हिरवळ यांचा दुसरा, आणि शेवटी निवडक गावांत शिवारात जाऊन पाहणी. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके याच पद्धतीने जाहीर केले. पद्धत चांगली आहे, पण ती हंगामाला एकदा चालते. दुष्काळ सरकत येत असताना दर महिन्याला त्याची पायरी सांगणारा, लोकांनी पाहावा असा नकाशा गावाच्या हाती नाही. आणि पायरी चढली की काय आपोआप सुरू होणार, हेही लिहिलेलं नसतं. टंचाई आराखडा म्हणजे बहुतेक वेळा गेल्या वर्षीची गावांची यादी आणि अंदाजे खर्च.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते धरण एका रात्रीत कोरडं झालं नव्हतं. त्याआधीच्या पावसाळ्यांनी पुरेशी सूचना दिली होती. किती टक्के साठ्यावर उसाचं पाणी बंद आणि किती टक्क्यांवर शहराची कपात, हे भरल्या धरणाच्या वर्षी लिहून ठेवलं असतं, तर निदान भांडण आकड्यावर झालं असतं.

म्हणून मला मांजरेपासून सुरुवात व्हावी असं मनापासून वाटतं. ही नदी बीड, धाराशिव, लातूर करत कर्नाटकात बीदरला आणि पुढे तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. ब्राझीलची नऊ राज्यं एका नकाशावर बसतात, तर या खोऱ्यातली तीन बसू शकतात. कच्चा नकाशा पाळीपाळीने काढावा. पडताळणीला तलाठी, कृषी सहायक आणि पाणलोटात काम केलेली दोन-चार गावकरी माणसं असावीत. धरणाच्या टक्केवारीला पिण्याचं पाणी, चारा आणि ऊस यांचे निर्णय बांधून टाकावेत आणि ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. पहिली बैठक लातूरला घ्यावी, धरण भरलं असेल त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर लगेच, आणि तिला बीदरच्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून बोलवावं.