लपविलेल्या कर्जाचे शल्य

दिवाळीच्या संध्याकाळी नाशिकच्या मेन रोडवर, रविवार कारंजावर आणि सराफ बाजारात पेढ्यापेढ्यांवर वहीपूजन होते. नव्या वहीवर स्वस्तिक रेखले जाते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण करून नव्या वर्षाचा हिशेब सुरू होतो. परंतु काही घरांत एक हिशेब असा असतो, जो या वहीत कधीच चढत नाही. व्याजाने उचललेले पैसे, मित्राकडून घेतलेली हातउसनी रक्कम, पत्नीला न सांगता गहाण टाकलेले दागिने. या हिशेबाचा धनी दिवसा पेढीवर हसतमुखाने बसतो आणि रात्री छताकडे पाहत जागा राहतो.

असे कर्ज उधळपट्टीतूनच होते, असे नाही. जिल्ह्यातील कांद्याचा व्यापार पाहावा. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात शेतकऱ्याचे पैसे तातडीने चुकते करावे लागतात. परप्रांतातील खरेदीदाराकडून येणी मात्र आठवड्यांनी येते. मधला काळ उसन्या भांडवलावर काढावा लागतो. त्यात ८ डिसेंबर २०२३ सारखी अचानक निर्यातबंदी आली, की चढ्या भावाने घेतलेला माल उतरत्या भावाने काढावा लागतो. माल जातो, देणे राहते. मग पत राखण्यासाठी व्याजी पैसे उचलले जातात. ‘शेकडा पाच’ हा महिन्याचा दर बोलताना लहान वाटतो; वर्षाला तो ६० टक्के होतो. पाच लाखांवर वर्षाकाठी तीन लाख केवळ व्याजात जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते.

जानेवारी २०२३ मध्ये सातपूर परिसरात एका पित्याने आणि त्याच्या दोन पुत्रांनी जीवन संपविले. खासगी सावकारांचा जाच त्यामागे असल्याचे पुढे आले. ती घटना नाशिककर विसरलेले नाहीत. पैसा पुन्हा मिळविता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.

बनारसीदासांची कचोरी

तत्त्वार्थसूत्रात व्रतीने निःशल्य असावे, असे सांगितले आहे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये. त्यांतील माया म्हणजे कपट, आतले एक आणि बाहेरचे एक. कर्जदाराच्या अंतःकरणात बहुधा हेच शल्य रुतलेले असते. देणे जितके बोचत नाही, तितके ते लपविणे बोचते.

याचा फार जुना दाखला कविवर बनारसीदासांच्या आत्मचरित्रात आहे. १५८६ मध्ये जौनपुरात श्रीमाळ जैन कुळात जन्मलेल्या या व्यापाऱ्याने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ लिहिले आणि त्यात स्वतःचे तोटे निःसंकोचपणे नोंदविले. आग्र्याला नेलेला माल बुडाला, हाती काही उरले नाही. एका कचोरीवाल्याकडे ते महिनोन्‌महिने उधारीवर जेवत होते. अखेर एके दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, की आपल्यापाशी काहीच नाही, तेव्हा यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने उलट त्यांना निश्चिंतपणे खात राहण्यास सांगितले. पुढे धंद्यात जम बसू लागताच बनारसीदासांनी त्याचे चौदा रुपये चुकते केले.

त्याच ग्रंथात सासुरवाडीचा प्रसंग आहे. पत्नीपासून त्यांनी प्रथम खरी स्थिती लपविली. तिने ती ओळखली. सत्य कळताच तिने साठविलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि आपल्या आईलाही विश्वासात घेतले. सासूने दोनशे रुपये दिले. ज्या घरापासून गोष्ट लपवावी, त्याच घरातून आधार आला.

प्रथम कागद, मग वाट

म्हणून पहिली पायरी पैशाची नाही, सांगण्याची आहे. एका कागदावर सर्व देणी लिहावीत: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय, मुदत कोणती. तो कागद पत्नी किंवा पती, आईवडील अथवा विश्वासू भाऊ यांच्यासमोर ठेवावा. मनात अक्राळविक्राळ वाटणारा आकडा कागदावर आला की निदान मोजता येतो.

त्यानंतर जुने देणे फेडण्यासाठी नवे कर्ज काढणे थांबवावे. सर्वांत जास्त व्याजाचे देणे आधी उतरवावे. त्यासाठी पडून असलेला माल किंवा वापरात नसलेली जागा विकणे कमीपणाचे नाही. धनको दारात येण्यापूर्वी आपणच त्याच्याकडे जावे आणि जेवढे खरोखर देता येईल, तेवढ्याच हप्त्याचा शब्द द्यावा. मोठा शब्द देऊन तो मोडण्यापेक्षा लहान शब्द पाळल्याने पत अधिक टिकते.

कायद्याचाही आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटांना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करता येत नाही. धमकी, अपमान वा नातेवाइकांना त्रास देण्यासही मनाई आहे. बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

मनाचे देणे

शास्त्रकारांनी आर्तध्यानाचे वर्णन केले आहे: आलेले अनिष्ट कधी टळेल, याच चिंतेत मन अखंड गुंतणे. सामायिक आणि प्रतिक्रमण मनाला क्षणभर त्या चक्रातून बाहेर आणतात. परंतु झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असा विचार डोकावत असेल, तर एकट्याने सोसू नये. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तापासाठी वैद्याकडे जावे, तसेच येथेही मदत घ्यावी.

समाजाचेही कर्तव्य आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाच्या गुणांमध्ये न्यायाने मिळविलेल्या धनाबरोबरच आयोचित व्यय, म्हणजे मिळकतीप्रमाणे खर्च, हाही गुण सांगितला आहे. लग्न साधेपणाने करणाऱ्या कुटुंबाविषयी जोवर कुजबुज होते, तोवर त्या गुणाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. अडचणीतील बांधवाचे नाव चारचौघांत न उच्चारता त्याच्या शेजारी बसून त्याचा कागद वाचणे, हेही साधर्मिक वात्सल्यच आहे.

येत्या वहीपूजनाला ‘शुभ-लाभ’ लिहिण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला खरा आकडा ठाऊक असावा. तो मोठा असेल, तरी चालेल.