शोध सोपा, हिशेब अवघड

२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यावरच्या असंख्य वेबसाइट २७ मिनिटे कोलमडल्या. कारण ठरला फायरवॉलमध्ये नव्याने घातलेला एक नियम. त्यातली रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र) तपासता तपासता जगभरच्या सर्व्हरचे प्रोसेसर थकले. मजकुरात नमुना शोधणे हे संगणकाचे रोजचे काम. त्याला किती पावले लागतात, हे नमुना कसा आहे आणि तो कोणत्या पद्धतीने शोधला जातो यावर ठरते.

सर्वांत सोपा प्रकार ठरावीक शब्दाचा. नमुना मजकुराच्या प्रत्येक जागी लावून पाहिला, तर १० लाख अक्षरांत १,००० अक्षरांचा नमुना शोधायला वाईटात वाईट स्थितीत सुमारे १०० कोटी तुलना लागतात. डोनाल्ड क्नूथ, जेम्स मॉरिस आणि वॉन प्रॅट यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत त्या २० लाखांच्या आसपास राहतात. ‘काकाकाकू’मध्ये ‘काकाकू’ शोधताना पहिली दोन अक्षरे जुळतात, तिसरे फसते. जुळलेल्या ‘काका’चा शेवट ‘का’ आहे आणि नमुन्याची सुरुवातही ‘का’नेच होते. म्हणून नमुना एक घर पुढे सरकवून तिथूनच तुलना चालू राहते. मजकुरात मागे जावे लागत नाही.

ही युक्ती मॉरिस यांनी १९६९ च्या उन्हाळ्यातच सीडीसी ६४०० संगणकाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये वापरली होती. काही महिन्यांत इतर प्रोग्रामरनी दुरुस्तीच्या नावाखाली तिची पार वाट लावली. क्नूथ यांना तीच युक्ती स्टीफन कुक यांच्या ऑटोमाटाविषयीच्या प्रमेयातून, म्हणजे निव्वळ सिद्धान्तातून, गवसली. सिद्धान्ताने वाट दाखवायची आणि व्यवहाराने ती मोडायची, हा प्रकार या क्षेत्रात पुन्हा घडला.

रेग्युलर एक्स्प्रेशन शोधण्याची उत्तम पद्धत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच मांडली. तिच्यात सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेल्या जातात आणि खर्च मजकूर व नमुना यांच्या लांबीच्या गुणाकारापलीकडे जात नाही. तरीही पर्ल, पायथॉन, जावा यांच्या प्रचलित इंजिनांनी बॅकट्रॅकिंग स्वीकारले: एक वाट धरायची, ती फसली की मागे फिरून दुसरी धरायची. क्लाउडफ्लेअरच्या नियमात ‘काहीही, कितीही’ असे दोन भाग लागोपाठ होते आणि पुढे बरोबरचे चिन्ह. ते चिन्ह नसलेली १,००० अक्षरे आली, तर या दोन भागांत त्यांची वाटणी पहिल्याच जागेपासून सुमारे ५ लाख प्रकारांनी करून पाहावी लागते. पुनरावृत्तीच्या पोटात पुनरावृत्ती असेल, तर दर वाढीव अक्षरागणिक वाटा दुप्पट होतात. ३० अक्षरांना त्या ५० कोटींवर जातात.

बॅकट्रॅकिंगच्या बाजूने एकच सबळ कारण दिसते, ते म्हणजे बॅकरेफरन्स. आधी जुळलेला तुकडा पुढे जसाच्या तसा पुन्हा आला पाहिजे, अशी अट तिने घालता येते. पण ही सोय घेतली की प्रश्न एनपी-पूर्ण होतो, आणि अशा प्रश्नांसाठी सर्वच मजकुरांवर झटपट चालणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही.

अंदाजे जुळणीची मर्यादा वेगळी. दोन साखळ्यांमधले संपादन-अंतर, म्हणजे किमान किती बदलांनी एकीची दुसरी होते, हे मोजायला लांबीच्या वर्गाइतका वेळ लागतो. डीएनएच्या साखळ्यांची तुलना करताना हा खर्च फार जाचतो. यापेक्षा ठळकपणे जलद पद्धत सापडली, तर सॅट (दिलेले तर्कसूत्र खरे करता येते का) या प्रश्नाच्या काठिण्याबद्दलचे एक महत्त्वाचे गृहीतकच खोटे ठरेल, असे आर्तुर्स बाकुर्स आणि पिओत्र इंडिक यांनी २०१५ मध्ये दाखवले.

संपादन-अंतराला आज पर्याय नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनला आहे. गूगलचे आरई-२, तसेच गो आणि रस्ट यांची इंजिने बॅकरेफरन्स सोडून देतात आणि मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेतात. अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर तपासणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर अशीच इंजिने हवीत. बॅकरेफरन्स ज्याला खरोखर लागते, त्याने ती वेगळी मागून घ्यावी.